ओहोटी नसलेला दर्या

कुवेत शहरातल्या मिरकाब वस्तीतल्या एका घरचा स्वयंपाकी इस्माईल नाखवा मूळचा हर्णैचा. भरती-ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय हा गडी चूलसुद्धा पेटवत नसे! १९६४च्या उन्हाळ्यात मालकांनी त्याला लेबनॉनच्या किनाऱ्यावर नेलं. निळं पाणी, अंजिराच्या झाडांनी भरलेले डोंगर पाहून तो हरखला.

"इथलं नवं घर आता कायमचं तूच सांभाळ," मालक म्हणाले.

"ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या शिंपल्या काढतो, मग सांगतो."

टोपली घेऊन तो किनाऱ्याच्या दगडी पायऱ्यांवर दिवसभर बसला. पाणी पायरीवरून हललंच नाही. शेजारी जाळं विणणारा एक म्हातारा हसला, "इथं ओहोटी नसते, बाबा."

इस्माईल रिकामी टोपली उचलून तडक मालकांकडे गेला.

"मालक, मला परत न्या. आपला कुवेतचा, शर्क किनाऱ्याचा दर्या रोज पोट उघडं करून दाखवतो. हा काय लपवतोय?"

गाडीतून त्यानं मागं पाहिलं. पाणी पायरीशी तसंच दबा धरून होतं.