गॅरेजमध्ये टांगलेला विजय

स्कोअरबुकात रन्सना रकाना असतो, विकेट्सना असतो, वाइडला, नो-बॉलला, अगदी लेग-बायलाही असतो. पण ‘कॅप्टन पॅड बांधून संडास दुरुस्त करायला गेला’ हे लिहायला कुठेच जागा नसते. पानाच्या तळाशी ‘शेरा’ म्हणून बोटभर पट्टी असते, तिच्यात ‘पावसामुळे खेळ थांबला’ एवढंच मावतं. बाकीचं सगळं स्कोअररच्या डोक्यात साचत जातं. माझं डोकं तीन वर्षांत गच्च भरलंय, म्हणून आज थोडं रिकामं करते.

मी युरोपातल्या एका चिमुकल्या देशाच्या राष्ट्रीय क्रिकेट टीमची स्कोअरर आहे. देशाचं नाव सांगणार नाही, कारण पुढचं वाचून ते मला परत व्हिसा द्यायचे नाहीत. मी मूळची कोथरूडची, राहते मेलबर्नला, डँडेनॉन्गच्या जवळ. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगारही घ्यायचा. जन्म एका देशात, टॅक्स दुसऱ्या देशात आणि स्कोअर तिसऱ्याच देशाचा!

*

हे झालं माझ्या मुलामुळे. इथे मूल शनिवारी क्रिकेट खेळायला लागलं की आई-बापांपैकी एकाच्या हातात स्कोअरबुक येतंच. बाकीचे पालक ॲपवर बोटं आपटायचे. मी मात्र चार रंगांची पेनं घेऊन बसायची आणि ओव्हर संपली की बेरीज जुळवायची.

समोरच्या टीममध्ये टोनीची मुलगी होती. टोनी म्हणजे प्लंबर, हात फावड्याएवढे, आवाज त्याहून मोठा. त्याने माझं पान बघितलं, पुन्हा बघितलं आणि विचारलं, “बॉस, पासपोर्ट आहे?”

“कुठला?”

“कुठलाही! जुलैमध्ये युरोपला यायचंय.”

मला वाटलं, हा माणूस मला पळवून नेतोय. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “किती दिवस?” त्याचा चेहरा जरा जास्तच उजळला होता, म्हणून मी लगेच होकार दिला.

टोनी त्या देशाचा कॅप्टन निघाला. टीममधले सहाजण तिकडे युरोपात राहतात आणि पाचजण इथे मेलबर्नमध्ये. इथल्यांचे आजी-आजोबा बोटीने आले, म्हणून पासपोर्ट तिकडचा. वर्षातून एकदा सगळे तिकडे भेटतात आणि दहा-दहा ओव्हर्सच्या स्पर्धा खेळतात. अशी मॅच दीड तासात संपते. आमची तासाभरातच संपायची, कारण आम्ही सगळ्या हरायचो.

*

पाचातला एकजण आमचा मेल्विन. वसईचा ख्रिस्ती, मराठी माझ्यापेक्षा खणखणीत, विकेटकीपर. आता वसईचा माणूस युरोपातल्या देशाकडून कसा? तर त्याची बायको तिकडची. लग्न झालं, काही वर्षांनी पासपोर्ट मिळाला आणि पासपोर्टपाठोपाठ ग्लोव्हज.

त्याने वसईला आईला फोन करून सांगितलं, “मम्मी, मी नॅशनल टीममध्ये!”

“इंडियाच्या?”

“नाही गं. हिच्या माहेरच्या.”

 मग त्या म्हणाल्या, “मेल्विन, घरजावई मी बरेच बघितले. पण सासरच्यांकडून विकेटकीपिंग करणारा तूच पहिला!”

*

स्पर्धा जुलैमध्ये, म्हणजे आमची तयारी ऐन हिवाळ्यात. त्या दिवसांत इथली सगळी मैदानं फुटीवाल्यांच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलवाल्यांच्या ताब्यात. मेल्विन डँडेनॉन्गमध्ये स्पेअर पार्ट्सच्या गोदामात सुपरवायझर आहे, म्हणून रविवारी दुपारी तिथेच प्रॅक्टिस. खाली काँक्रीट, दोन्ही बाजूंना रॅक, पॉइंटला फोर्कलिफ्ट. फोर्कलिफ्टचं क्षेत्ररक्षण आमच्या टीममध्ये सगळ्यांत भरवशाचं होतं.

प्रेक्षक एकच, टोनीचे आजोबा. वय अठ्ठ्याऐंशी, अंगात जाड कोट, मांडीवर घडीची टोपी. बोटीतून उतरल्यापासून त्यांनी या देशात विटा रचल्या, चार मुलं वाढवली आणि क्रिकेट समजून घ्यायला ठाम नकार दिला. खुर्ची टाकून दोन तास निमूट बसायचे. आम्ही सामान आवरायला लागलो की माझ्याकडे बघून मोडक्या इंग्रजीत एकच प्रश्न विचारायचे, “कोण जिंकलं?”

प्रॅक्टिसमध्ये कोण जिंकणार? पण टोनी म्हणाला, “बॉस, काहीतरी उत्तर दे, नाहीतर ते घरी जायचे नाहीत.” मग मी म्हणायची, “फोर्कलिफ्ट.” ते मान डोलवायचे.

दौऱ्यावरून परत आलो की हाच प्रश्न. तेव्हा मात्र मला खरं उत्तर द्यावं लागायचं, “ते.” आजोबा तेव्हाही मान डोलवायचे, आणि मला ते अजिबात आवडायचं नाही.

*

आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापड घालतात, तसा टोनीच्या घरी जूनच्या थंडीत सॉसेज घालायचा कार्यक्रम असतो. सगळं खानदान गॅरेजमध्ये जमतं, डुकराचं मांस मसाला लावून भरतात आणि छताला टांगून वाळवतात. पहिल्या दौऱ्याच्या आधी टीममधल्या इथल्या सगळ्यांना बोलावणं होतं. मी शाकाहारी, म्हणून दाराशी उभी राहून सुतळी कापत होते.

आजोबांनी एक जाडजूड सॉसेज बाजूला काढलं, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि एका वेगळ्या खिळ्याला टांगलं. टोनीने चिठ्ठी वाचून दाखवली. “जिंकल्यावर. टीममधल्या प्रत्येकाला एक काप.”

“प्रत्येकाला?” मेल्विन माझ्याकडे बघून फिदीफिदी हसला. “बॉस पण टीममध्ये आहे हां!”

मी यांची फिल्डिंग बघितलेली होती. त्याच भरवशावर छाती काढून म्हणाले, “जिंकलात ना, तर मीसुद्धा खाईन!”

आजोबांनी टोनीला विचारलं, ही काय म्हणाली. टोनीने सांगितलं. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि पुन्हा कामाला लागले.

*

पहिल्याच मॅचआधी राष्ट्रगीत. आमच्या अकरातल्या चौघांनाच ते येत होतं. बाकीच्यांना टोनी म्हणाला, “नुसते ओठ हलवा. लाइव्ह स्ट्रीम आहे, आवाज कुठे जातोय?”

मेल्विनला नुसते ओठ हलवणं जमेना. त्याने छातीवर हात ठेवला आणि वसईच्या चर्चमधलं मराठी भक्तिगीत मनापासून म्हणायला सुरुवात केली. डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. शेजारचा फलंदाज भारावून त्याच्याकडे बघत होता.

गीत संपायच्या आत मेल्विनच्या फोनवर वसईहून मेसेज आला. फोन माझ्याकडे ठेवलेला, म्हणून मीच वाचला. “बाळा, दुसरं कडवं विसरलास. फादर पण बघतायत!”

*

त्याच मैदानावर संडास एकच होता आणि तोही तुंबलेला. अंपायर अस्वस्थ, समोरची टीम अस्वस्थ, मॅच खोळंबलेली. टोनी पॅड बांधून तयार होता, कारण ओपनिंगला तोच जायचा. त्याने एकदा आत डोकावलं, ग्राउंड्समनकडून एक लांब तार मागून घेतली आणि पॅडसकट आत गेला.

वीस मिनिटांनी आतून पाण्याचा दणदणीत आवाज आला. दोन्ही टीम्सनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टोनीने बॅट उंचावतात तशी तार उंचावली.

मग तो बॅटिंगला गेला आणि पहिल्याच बॉलला बोल्ड झाला. त्या दौऱ्यात त्याला टाळ्या मिळाल्या त्या आधीच्याच.

*

दुसऱ्या वर्षी आम्ही डोकं चालवलं. या स्पर्धांमध्ये समोर कुठलाही देश असो, निम्मी टीम आपल्याच उपखंडातली असते. इंग्रजीत बोलरला काही सांगावं तर त्यांना कळतं, हिंदीत सांगावं तर जास्तच कळतं. मेल्विन म्हणाला, “मराठीत बोलू. मी मागून ओरडतो, तुम्ही तसा टाका.”

पाच रविवार गोदामात शिकवणी चालली. प्लंबर, सुतार आणि दोन इलेक्ट्रिशियन रॅकमध्ये उभे राहून घोकत होते, “आखूड! पुढे! हळू! बाहेर!” टोनीचं ‘आखूड’ ऐकून तर फोर्कलिफ्ट सुरू झाल्यासारखं वाटायचं.

मॅचमध्ये मेल्विन ओरडला, “टोनी, आखूड!” टोनीने आखूड टाकला, फलंदाजाने सिक्स मारली. “पुढे!” पुढे टाकला, पुन्हा सिक्स. “हळू!” हळू टाकला, तो तर पार्किंगमध्ये गेला. मेल्विन डोक्याला हात लावून बसला.

इनिंग संपल्यावर तो फलंदाज पाणी पीत माझ्या टेबलाशी आला. माझ्या पानावर मी मराठीत काहीबाही खरडलेलं होतं, ते त्याने वाचलं आणि हळूच म्हणाला, “वहिनी, मी इचलकरंजीचा. तुमच्या टीमला सांगू नका हां, लई चांगलं चाललंय!”

*

यंदा टोनीने निघतानाच सांगून टाकलं, “हा माझा शेवटचा दौरा.” गुडघे गेलेत, असं तो सगळ्यांना म्हणाला. मला विमानात खरं बोलला. आजोबा आता गोदामात येत नव्हते, घरातल्या घरात काठी लागायची. “बॉस, ते आहेत तोवर एक मॅच. एकच! ते पेन्शनर्स क्लबमध्ये सांगून बसलेत, नातू देशाकडून खेळतो म्हणून. तिथले म्हातारे दर आठवड्याला फोन करून विचारतात, जिंकला का?” एवढा मोठा माणूस खिडकीकडे तोंड करून बसला. मलाही मग पुढचा सिनेमा बघवेना.

शेवटची मॅच सकाळची होती, म्हणजे मेलबर्नला संध्याकाळ. समोरच्यांनी केले सत्त्याऐंशी. आम्हाला अठ्ठ्याऐंशी हवे होते. नेहमीसारखी पडझड झाली, पण टोनी टिकला. शेवटच्या बॉलवर मेल्विन आणि तो जिवाच्या आकांताने दोन रन्स धावले आणि बोर्डावर लागलं सत्त्याऐंशी. बरोबरी! आता या स्पर्धेच्या नियमाने एका जादा बॉलवर निकाल लागणार होता, आणि तो कसा लागणार हे आम्हाला तीन वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

ओव्हरमागून मी माझंच पान जुळवायची, बोर्डाकडे बघायची नाही; आता पूर्ण बेरीज केली. अठ्ठ्याऐंशी आले. फलंदाजांकडून केली, बोलर्सकडून केली, दोन्हीकडून अठ्ठ्याऐंशी. मग शोधलं. चौथ्या ओव्हरमध्ये एक वाइड त्यांच्या कीपरच्या हातून सुटला होता आणि आमचे फलंदाज एक रन धावले होते. वाइडचा एक आणि धावलेला एक, असे दोन. शेजारी बसून ॲपवरून बोर्ड चालवणाऱ्या पोराने नुसता वाइड दाबला होता.

खरं सांगते, दोन सेकंद मी गप्प बसले. त्या दोन सेकंदांत मला डँडेनॉन्गचं गॅरेज दिसलं, तो खिळा दिसला, त्याला लटकलेलं ते दोन वर्षांचं सॉसेज दिसलं. कोथरूडची आई दिसली. बॉस, गप्प बसलीस तर कुणाला कळणार आहे? पण पानावर अठ्ठ्याऐंशी होते. मी हिरवं पेन उंच धरून ओरडले, “अंपायर!”

त्यांनी स्ट्रीमचं रेकॉर्डिंग मागे नेऊन तो बॉल तीनदा बघितला. मग अंपायरने बोर्डाकडे हात केला आणि सातचा आठ झाला. टोनी तिथेच मॅटवर बसून लहान मुलासारखा रडला. मीसुद्धा रडले, पण माझ्या रडण्याला दोन कारणं होती.

*

परत आल्यावर पहिल्या रविवारी इथले सगळे गॅरेजमध्ये. आजोबा कोट घालून खुर्चीत. टोनीने खिळ्यावरून सॉसेज उतरवलं आणि पाटावर ठेवलं तेव्हा टक्कन आवाज झाला. सुरी चालेना. दुसरी सुरी वाकली. शेवटी टोनी बाहेर जाऊन व्हॅनमधून पाइप कापायची करवत घेऊन आला, तिला उकळत्या पाण्याने धुतलं आणि काप पाडायला सुरुवात केली.

मेल्विनने पहिला काप तोंडात टाकला आणि गालाला हात लावला. “चव छान आहे. दात गेला बहुतेक.”

एकेक करत सगळ्यांचे झाले. मग माझी पाळी आली. सगळे फोन बाहेर निघाले आणि माझ्यावर रोखले गेले. टोनीने बशी पुढे केली. मेल्विन म्हणाला, “बॉस, शब्द म्हणजे शब्द!” मी डोळे मिटले आणि हात पुढे केला.

“थांब,” आजोबा म्हणाले.

ते काठी टेकत उठले. मागच्या फळीवर, रंगाच्या डब्यांच्याही पलीकडे हात घातला आणि एक बरणी काढली. तिच्यावरची धूळ कोटाच्या बाहीने पुसली. आत तेलात बुडवलेल्या वांग्याच्या चकत्या होत्या. झाकणाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, सॉसेजच्या चिठ्ठीसारखीच पिवळी पडलेली आणि त्याच सुतळीने. त्या सुतळीचे तुकडे मीच कापले होते. टोनीने वाकून वाचलं, “जिंकल्यावर. बॉससाठी.”

 आजोबांनी काट्याला एक चकती लावून माझ्या हातात दिली, खुर्चीत नीट बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि नेहमीसारखं माझ्याकडे बघून विचारलं,

“कोण जिंकलं?”

माझं तोंड वांग्याने भरलेलं होतं. तशीच म्हणाले, “आपण!”