लिंबू शेवटी

निजामाच्या राज्यात कनेरगाव नाक्यावर मी कारकून होतो, म्हणजे इमानदार होतो. नाक्यामागच्या घरात एक म्हातारा मोहाच्या दारूत गूळपाणी आणि ठेचलेलं आलं घालून द्यायचा. रोज संध्याकाळी माझं इमान तिथं विसावा घ्यायचं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फुकट पिणाऱ्यानं नावागावात कशाला पडावं?

लिंबू तो हुंगून निवडायचा आणि पेला हातात देतानाच पिळायचा. "आधी पिळलं तर कडू होऊन जाते, साहेब."

एके दिवशी आबकारीचा दारोगा आला आणि पंच म्हणून नेमकं मलाच त्या घरी घेऊन गेला.

"याला ओळखता?"

"नाही," मी ताठ मानेनं सांगितलं.

त्यानं म्हाताऱ्याला तेच विचारलं. तो हो म्हणता तर माझी नोकरी गेली असती. माझ्या रोजच्या पेल्याकडे न बघता तो म्हणाला, "न्हाई जी. एवढा मोठा माणूस आमच्या घरी काहून येईल?"

त्याला बेड्या पडल्या, मला बढती मिळाली.

आता ते पेय मी घरी करतो, लिंबू शेवटीच पिळतो. कुणाकडून शिकलात, असं पाहुणे कौतुकानं विचारतात. तेव्हाही मी त्याला ओळखत नाही.