आधी जिना, मग पलंग

मेश्रामकाकांची आणि माझी पहिली भेट रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात झाली, आणि ती काही गोड नव्हती. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून आलेले कर्मचारी एकेका खोलीत कसेबसे राहत होते. मी काकांकडे लाकडी सामानाचे नकाशे काढायला शिकायला गेलो आणि ऐटीत एका खोलीची मापं पुढे केली. काकांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "जिन्याचं माप कुठं हाय? पलंग काय खिडकीतून उडून जाईल का बे?"

रेल्वेत सुतारकाम केलेल्या काकांचा 'आधी जिना, मग पलंग' हा नियम आजही तोच आहे. अशाच अरुंद जिन्यांसाठी त्यांनी चार पेट्यांचा पलंग बनवला. दिवसा पेट्या बसायला, रात्री जोडल्या की पलंग, आणि बदली झाली की त्यातच संसार भरायचा. खिळा एकही नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. गिऱ्हाइकानं तो कारखान्यातच स्वतः उघडून, जोडून दाखवल्याशिवाय काका नेऊ देत नसत. एक साहेब "नौकर कर लेगा" म्हणाले, तर काकांनी पलंग परत आत ठेवला.

काकांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी समितीनं मला त्यांचे गुण लिहायला सांगितलं आहे. पण मग आमचेही लिहायला हवेत. पुढे मी एका सरकारी कार्यालयात हंगामी नोकरीला लागलो. कर्मचाऱ्यांच्या खोल्यांसाठी पलंग हवे होते. साहेबांनी काकांचा नकाशा मागितला, आणि नोकरी पक्की होईल या आशेनं मी तो दिला. कोपऱ्यातलं 'ना. मेश्राम' हे नाव मीच रबरानं पुसलं. ठेकेदारानं पेट्या वर नेल्या आणि खुंट्यांऐवजी खिळे ठोकून टाकले. बदल्या सुरू झाल्या तेव्हा एकही पलंग जिन्यावरून उतरेना. शेवटी करवतीनं कापले. नकाशा कोणाचा, अशी विचारणा झाली तेव्हा मात्र पुसलेलं नाव सगळ्यांना बरोबर आठवलं. खिळे काकांच्या नकाशात नव्हते, हे मी सांगितलं नाही. काकांची गिऱ्हाइकं तुटली आणि माझी नोकरी पक्की झाली.

लग्नानंतर मी ब्राह्मणपाऱ्यात खोली घेतली. काका न बोलावता आले, जिना मोजून गेले आणि आठवड्यानं चार पेट्या घेऊन आले. मी खाली मान घालून कबुली दिली. ते खुंटी बसवत म्हणाले, "मले माहीत हाय. नाव पुसलं त पुसलं. पण खुंट्या काहून काढू देल्ल्या? लोकायचे पलंग कापा लागले ना!" त्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

आज पंचाहत्तरीला शाल घालायला कार्यालयातले तेच लोक रांगेत आहेत, आणि निमंत्रणावर काकांची ओळख 'जुने सुतार' एवढीच छापली आहे. राग येतो, सर्वांत जास्त स्वतःचाच. काकांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचे हात असेच चालत राहोत. ग्रंथात जागा कमी पडली तर संपादकांनी मी केलेलं बाकीचं कौतुक खुशाल कापावं. तो पलंग नामदेवराव मेश्राम यांचा होता, एवढी ओळ ठेवावी, आणि त्यांचं नाव पुसणारा म्हणून खाली माझं नाव.