धायाच्या खजूरबागेतला गुरुवार

दुबईतल्या क्रेन एकामागून एक थांबल्या, तसं आमच्या घरातलं बोलणंही थांबलं. हे बांधकामाच्या कंपनीत होते. मंदीची बातमी आधी वर्तमानपत्रात वाचली, मग शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं सामान बांधून भारतात परतताना पाहिली आणि पुढच्याच उन्हाळ्याआधी ह्यांची नोकरी गेली. मी शाळेत शिकवत होते, म्हणून माझ्या व्हिसावर ह्यांना आणि मुलीला ठेवून घेता आलं. मी रडत बसणारी बाई नाही. दुबईचा फ्लॅट सोडला, अजमानला स्वस्तातला घेतला, गाडी विकली, काय ठेवायचं आणि काय टाकायचं त्याच्या याद्या करून एका आठवड्यात घर लावलं. ह्यांच्या मनाचं काय करायचं, ते मात्र मला कुठल्याच यादीत बसवता येईना. हे सकाळी उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचे. जेवताना एक शब्द नाही.

ह्यांचं घराणं दत्तभक्तांचं. संध्याकाळी दत्ताच्या तसबिरीसमोर दिवा लावून हे बराच वेळ हात जोडून उभे राहत. वाती वळणं, समई घासणं माझ्याकडे. श्रद्धा ह्यांच्याकडे, अशी आमची वाटणीच होती. वर्ष उलटून गेलं तरी काही हलेना, तेव्हा एकदा माझ्या तोंडून गेलं, "तुमचे दत्त महाराज सीव्ही वाचतात तरी का?" ह्यांनी तसबिरीकडे वळून पुन्हा हात जोडले. आपण भिंतीशी बोलतोय आणि भिंत ऐकते अशी समजूत करून घेतोय, असं मला त्या दिवसांत मनापासून वाटत होतं. ते खोटं कशाला सांगू?

देश सोडून निघालेल्या एका कुटुंबाने आम्हाला दोन सायकली देऊन टाकल्या, आणि तिथून जरा वारं फिरलं. माझं बालपण सांगलीचं. सायकलवर बसले की मी वय विसरते. शुक्रवारी सकाळी आम्ही समुद्राकाठी चक्कर मारायला लागलो आणि घरात मुका झालेला हा माणूस सायकलवर चक्क गुणगुणायला लागला! मग मी थांबते की काय! त्या वर्षी इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी गुरुवारी आली. हवा थंड, मला शाळा नाही. मी बेत आखला. रास अल खैमाच्या जुन्या मोती काढणाऱ्यांच्या ओस गावापासून निघायचं, शहर ओलांडायचं, खजुराच्या बागांमधून उत्तरेला डोंगराच्या कुशीतल्या धायाच्या किल्ल्यापर्यंत जायचं. पाणी, पंक्चरचं सामान, गुळपोळ्या, दशम्या, चटणी, ग्लुकोजची पुडी, मलमपट्टी असं सगळं एका मोठ्या पिशवीत भरलं. मुलगी म्हणाली, "आई, यू आर नॉट टेकिंग द होल किचन!" शेजारचे मोकाशी केटरिंगच्या पिकअपमधून सायकली पोचवायला तयार झाले, पण टोमणा मारल्याशिवाय कसं चालेल? "वहिनी, इथली माणसं समोरच्या दुकानात दूध आणायला गाडी काढतात, आणि तुम्ही सायकलवर किल्ले जिंकायला निघालात!" संध्याकाळी न्यायला येतो म्हणाले आणि मुलीला आपल्या घरी घेऊन गेले.

ती सकाळ मी कधी विसरणार नाही. सूर्य उगवत होता आणि समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली ती रिकामी घरं गुलाबी दिसत होती. भिंतींत शिंपले जागच्या जागी चिकटलेले. छप्पर गेलेल्या एका घरात वारा खेचून घेणारा चौकोनी मनोरा अजून उभा, आणि त्याच्याखाली उभं राहिलं की मानेवर खरंच गार झुळूक येत होती. मी लहान मुलीसारखी या खोलीतून त्या खोलीत पळत होते. डबा उघडून मी खाल्लं, ह्यांच्या हातात दशमी दिली, ती घेऊन हे फोटो काढायला पलीकडे गेले. सकाळची मधुमेहाची गोळी ह्यांनी घरी माझ्यासमोरच घेतली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते.

मग रस्ता. शहरभर झेंडे, गाड्यांवर झेंडे, मुलांच्या गालांवर झेंडे, हॉर्न वाजवत जाणारी पोरं आम्हा दोघांना बघून "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला चला, असं ओरडायची आणि मी हात हलवून उत्तर द्यायची. शहर मागे पडलं तसा डोंगर जवळ आला, उघडा, तांबूस, सरळ आभाळात घुसलेला. उजव्या हाताला पडके बुरूज, डाव्या हाताला मातीच्या कुंपणांच्या आत खजुराच्या बागा, मधूनच पाटातून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज. वाळवंटाच्या देशात पाण्याचा आवाज! हे पुढे होते, मागे वळून ओरडत होते, "अगं, तो बघ बुरूज!" दीड वर्षानं मी ह्यांचा असा आवाज ऐकत होते.

किल्ला खालूनच बघायचा असं माझ्या बेतात लिहिलं होतं. पण टेकडीच्या टोकावर दोन बुरूज आणि तटबंदी दिसली, आणि गड बघून पायथ्याशी थांबणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. सायकली खाली टेकवल्या, पिशवी ह्यांच्या सायकलला तशीच लटकवली आणि पाण्याची बाटली घेऊन पायऱ्या चढलो. वरून दिसलं ते काय सांगू! पायाशी हिरवागार खजुरांचा पट्टा, त्यापलीकडे निळी खाडी, पाठीशी डोंगराची भिंत. इंग्रजांच्या तोफांसमोर इथली माणसं इथेच शेवटपर्यंत लढली होती. हे तटाला टेकून खूप वेळ बघत राहिले. घाम फार आला होता, पण चढून आलेल्या माणसाला घाम येणारच, असं मी धरून चालले.

खाली आलो तर सायकली होत्या आणि पिशवीच्या चिंध्या होत्या. शेळ्या! गुळपोळ्या, दशम्या सगळं फस्त. ग्लुकोजची पुडी फाटून वाळूत पांढरा सडा पडलेला आणि एक करडू तो चाटत उभं. मी हसत सुटले. हे हसले नाहीत. "चल" एवढंच म्हणाले आणि सायकल काढली. बागांमधल्या एका अरुंद वाटेवर ह्यांची सायकल नागमोडी जायला लागली, मग कुंपणाला घासली आणि हे उतरून मातीतच बसले. अंग थंड, शर्ट भिजलेला, हात थरथरणारे, आणि बोलणं दारू प्यायलेल्या माणसासारखं. साखर उतरली होती. मला लक्षणं पाठ होती, औषधही पाठ होतं. औषध शेळ्यांच्या पोटात होतं.

अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई विचारत होती, रस्त्याचं नाव काय, जवळ काय आहे? जवळ खजुराची झाडं होती, आणि मागे आणि पुढेही खजुराचीच झाडं. डिसेंबरात त्यांच्यावर एक फळ नव्हतं. चहूकडे खजूर आणि तोंडात घालायला एक दाणा नाही! सणामुळे वाटेवर माणूस नाही. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "सकाळची दशमी खाल्ली होती ना?" तेव्हा अडखळत ह्यांनी सांगितलं. खाल्ली नव्हती. गुपचूप पिशवीत परत ठेवली होती. नोकरीसाठी ह्यांनी दत्ताला अकरा गुरुवार निरंकार उपवास बोलले होते, संध्याकाळच्या आरतीपर्यंत फक्त पाणी, आणि हा शेवटचा गुरुवार होता. मागचे दहा मी शाळेत असताना निभावले होते. गोळी मात्र सवयीने रोज घेत होते. "आजचा झाला की मिळणार गं," हे म्हणत होते. "मोडायला लावू नकोस."

तेवढ्यात वाटेच्या वळणावर एक म्हातारा दिसला. उंच, सडपातळ, पांढरी दाढी, इथला पायघोळ झगा, मळका कंदुरा, गुडघ्यापर्यंत खोचलेला, आणि हातातल्या काठीच्या टोकाला छोटी कुऱ्हाड! मी ह्यांना आणखी जवळ ओढलं. दुसऱ्या हातात मात्र आमच्या पिशवीची चिंधी होती. "ये थैला तुम्हारा?" त्यांनी हिंदीत विचारलं. इथल्या जुन्या माणसांना हिंदी येतं. "बकरी मेरा है. शैतान है. खाना खाया तुम्हारा, तो मैं चाका देख के पीछे आया." मातीतल्या टायरच्या खुणा बघत ते माफी मागायला आले होते. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मी "शुगर" म्हणाले. पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी खिशातून छोटी पिशवी काढली, त्यात खजूर होते. एक खजूर बी काढून ह्यांच्या ओठांजवळ धरला.

आणि ह्यांनी दात मिटून मान फिरवली! मी ओरडलेच, "अहो, खजूर चालतो उपवासाला!"

"निरंकार आहे माझा," हे पुटपुटले.

म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, क्या बोलता है? मी घाईघाईने सांगितलं, रोज़ा है इनका, भगवान का, आज आखरी दिन, नौकरी के वास्ते. बाबा मातीत मांडी घालून बसले. अजिबात घाई न करता, खजूर तसाच बोटांत धरून ते ह्यांना म्हणाले, "मैं भी रोज़े से हूँ. जुमेरात को रखता हूँ. ये शाम को मेरे खोलने का था." जुमेरात म्हणजे गुरुवारच. मग वाकून, एकाच गल्लीतले दोघे बोलतात तसं म्हणाले, "बीमार को, मुसाफ़िर को हमारा अल्लाह छुट्टी देता है. तुम बीमार भी, मुसाफ़िर भी. तुम्हारा वाला छुट्टी नहीं देता?"

ह्यांनी फिरवलेली मान पुन्हा त्यांच्याकडे वळवली. ह्यांच्या नजरेत काय होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढंच सांगते की ह्यांचे डोळे भरून आले, "देता है," असं हे म्हणाले आणि ह्यांनी तोंड उघडलं. एक खजूर, मग दुसरा, मग तिसरा. पिशवी रिकामी झाली तेव्हा बाबांनी ती झटकून दाखवली आणि म्हणाले, "खलास!" माझ्या हातातला फोन घेऊन त्यांनी अरबीत चार शब्दांत वाट सांगितली. अँब्युलन्स आली तोवर ह्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. त्या लोकांनी रक्त तपासलं, आता ठीक आहे, पोटभर जेवू घाला म्हणून बजावलं आणि ते गेले.

बाबा आम्हाला घरी घेऊन गेले. त्यांच्या घरच्या बायकांनी भात आणि भला मोठा मासा आणला. मी संकोचून म्हणाले, गुरुवारी मासे नाही खात. बाबा मोठ्याने हसले. "तुम्हारा भी जुमेरात का क़ानून बहुत है!" मग पातळ रोट्या, तूप आणि मध आला. स्वतः पाण्याचा घोट न घेता ते ह्यांच्याजवळ बसून "खाओ, खाओ" करत राहिले. सूर्य बुडाला, अज़ान झाली, तेव्हा त्यांनी घरातल्या ताटातला खजूर उचलला आणि खाण्याआधी ह्यांच्याकडे बघून मान हलवली. दत्त महाराज फकिराच्या वेशात हिंडतात असं माझ्या सासूबाई सांगायच्या. मी त्यावर वाद घालणार नाही, दावाही करणार नाही. बाबांना घर होतं, नातवंडं होती, चोरट्या शेळ्या होत्या. पण एक गोष्ट मी स्वतःशी पुनःपुन्हा तपासली आहे. पिशवी शाबूत असती, माझ्या हातात ग्लुकोज असतं, तरी ह्यांनी ते घेतलं नसतं. माझं ऐकायला हे तयारच नव्हते. स्वतः उपाशी असलेल्या माणसाचंच ह्यांना ऐकायचं होतं, आणि तो माणूस आमच्यापर्यंत आला, कारण आमचं अन्न गेलं होतं.

मोकाशींच्या पिकअपमधून घरी आलो. हातपाय धुऊन हे तसबिरीसमोर उभे राहिले. मी समई लावून दिली. एरवी बराच वेळ चालायचं ते त्या दिवशी पटकन आटोपलं. मला राहवेना. "काय मागितलंत?"

"काही नाही," हे म्हणाले. "आज सुट्टी घेतली, एवढं कळवलं. रागावले नाहीत."

नोकरी त्यानंतर बऱ्याच काळाने लागली, आधीपेक्षा लहान. तिचा आणि त्या गुरुवारचा संबंध मी जोडत नाही. मोडलेला नवस ह्यांनी पुन्हा धरला नाही. त्या सायंकाळपासून मात्र आमच्या घरात जेवताना बोलणं सुरू झालं, आणि माझ्यापुरतं जे मागायचं होतं ते तिथेच मिळालं होतं. मी अजून बेत आखते, सामान भरते, वेळा ठरवते. तो माझा स्वभाव आहे आणि देवाची त्याला हरकत दिसत नाही. फक्त सगळं भरून झालं की पिशवीचं तोंड बांधताना मी आता म्हणते, महाराज, एवढं माझ्याच्याने झालं, राहिलेलं तुमचं. आणि निघते.