आधी फोटो दाखवा

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रोग्याची जीभ बघायच्या आधी त्याचं आधारकार्ड बघायच्या. नाव-गाव नव्हे, फोटो. "आजारी पडायच्या आधी माणूस कसा दिसायचा, हे कुणी विचारतच नाही," म्हणायच्या.

माझ्या वडिलांचे, बापूंचे, डोळे पिवळे झाले. पोट दुखत नव्हतं. स्कॅनमध्ये स्वादुपिंड सुजलेलं. एका डॉक्टरनं न विचारता कागदावर 'दारू' लिहिलं. बापूंनी थेंब घेतलेला नाही. दुसऱ्यानं कॅन्सरचा संशय सांगून ऑपरेशनची तारीख दिली. मी चळवळीतला; संतापून निषेधाचं पत्रक लिहायला बसलो. बाई म्हणाल्या, "पत्रक मंग लिख. पहिले बापले लई ये."

फोटो पाहून बाईंनी बापूंच्या जबड्याखाली बोटं फिरवली. "काका, ह्या गाठी फोटोमा नही." लाळेच्या ग्रंथीही सुजल्या होत्या. "शरीराची फौज आपल्याच घरावर उठली असेल. पण 'असेल'वर मी औषध देत नाही." अशा उठावाची खूण दाखवणाऱ्या आयजीजी-फोर तपासणीसाठी रक्त पाठवलं, सुरतेला स्वादुपिंडाचा तुकडा काढून तपासून आणवला. कॅन्सर नव्हता. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याच्या आत डोळे निवळले.

पण बापूंच्या गळ्यात शेजारगावच्या आजीनं दिलेली काविळीची माळ होती. कावीळ उतरते तशी ती लांबते म्हणतात. ती बेंबीपर्यंत आली आणि बापू गोळ्या सोडायला निघाले. "काम माळनी करं. गोळ्या कसाले?" एकदम सोडल्या तर जिवावर बेतेल, हे ते ऐकेनात. मी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. बाईंनी रिक्षा केली आणि मला घेऊन सरळ आजीच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"मावशी, माळ तुमनी, गोळ्या मन्ह्या. तुम्हीच सांगा त्यासले."

"नाव कोनं व्हई?" आजीनं विचारलं.

"तुमनं."

आजीनं बापूंना बोलावून दटावलं. बापूंनी गोळ्या सोडल्या नाहीत.

परतताना मी बाईंशी भांडलो. त्या म्हणाल्या, "वाद तू जिंक. मले पेशंट जिवत पाहिजे." मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. पण दर महिन्याला साखर तपासत, गोळी थोडी थोडी कमी करत, बापूंना पुन्हा केळीच्या बागेत त्यांनीच उभं केलं.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. त्यावर दोन पत्रकं काढली, तिसरं छापायला दिलंय.

परवा आजीचा फोन आला. दारात एक पिवळा माणूस माळ मागतोय, पोट दुखत नाही म्हणतो. "मी त्याले सांगं, पहिले दवाखाना. पन बाई तर नही आते. कोठे धाडू?"

"बसवून ठेव," म्हटलं आणि त्याला नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला मोटरसायकल काढली.