आधी उचलायचं, मग बघायचं

बेलापुरात माणूस जन्माला यायचा तो देवाच्या इच्छेनं आणि सुईणमावशीच्या परवानगीनं, आणि दोघांत मतभेद झालाच तर देव माघार घेत असे, अशी आमच्या अख्ख्या गावाची खात्री होती. बाहत्तरच्या दुष्काळाच्या जरा आधीची ही गोष्ट. तेव्हा गावात चाळिशीच्या आतला असा एकही माणूस नव्हता, की ज्याला तिनं उलटा धरून पाठीवर चापट मारलेली नाही. ही गोष्ट ती कुणाला विसरूही देत नसे. एकदा भर सभेत सरपंच तिच्यावर आवाज चढवायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "ए पायाळू, हळू बोल. पायाकडनं वढून काढलाय तुला म्या. तवा कुटं गेल्ता तुजा आवाज? तीन चापट्या हानल्या तवा रडलास." सरपंच पायाळू आहेत हे तोवर गावाला ठाऊक नव्हतं. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, म्हणून पुढं विहिरी आटल्यावर पाणी कुठं लागेल हे सांगायला लोक त्यांनाच शेतोशेत हिंडवू लागले, आणि त्याबद्दल सरपंचांनी मावशीला कधी क्षमा केली नाही.

दिसायला ती एवढीशी, पण आवाज असा की वस्तीवरून तिला बोलवायला आलेल्या गड्याला ती येते आहे की नाही हे शिवेवरच कळायचं. हात धुवायला बसली की अर्धा हंडा पाणी संपवी आणि घरातल्या बायकांना वाटे, ही बाळंतपण करायला आली आहे की धुणं धुवायला. अडलेल्या बाईशी ती फारसं बोलत नसे. बोलायची ती थेट पोटातल्या पोराशी, आणि तेही दरडावून. "भाहेर ये गुमान. कुनी खात न्हाई तुला. समदी बसल्यात तुजी वाट बगत." पोरं म्हणे ऐकायची. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. कुणी त्यावर हळहळलं तर म्हणायची, "हलवाई कुटं पेढं खात बसतोय?" तिचा धंद्याचा नियम एकच होता. मूल बाहेर आलं की आधी उचलायचं, छातीशी धरायचं, आणि मग बघायचं. मुलगा की मुलगी, काळं की गोरं, धड की अधू, ते सगळं मागाहून. "आधी बगून मंग उचललं, तर त्ये उचलनं न्हाई, त्यो बाजार," असं ती म्हणत असे.

आणि या बाईला सिनेमाचं वेड होतं. बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला की ही दाराशी हजर. मात्र नट कोण, नटी कोण, गाणी किती, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. दारावरच्या माणसाला ती एवढंच विचारायची, "बाळंतपन हाय का यात?" नाही म्हटलं की तशीच माघारी. असलं की पुढं बसून त्या बाळंतपणाची ती अशी परीक्षा घ्यायची की पडद्यावरच्या डॉक्टरला ऐकू गेलं असतं तर त्यानं धंदा सोडला असता. "आगं, कुकू कसं न्हाई पुसलं हिचं? घाम कुटं हाय?" "गरम पानी मागितलं त्ये न्हेलं कुटं?" आणि बाळ दाखवलं की तंबूभर ऐकू जाईल असं, "ह्ये आत्ता झालंय व्हय? चांगलं चार म्हयन्याचं हाय! बारसं जेवून आलंय!" लोक पडद्यापेक्षा तिला ऐकायला येत. मीही जात असे.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला गावातला पहिला माणूस म्हणून मला स्वतःविषयी जरा जास्तच आदर होता. शिवाय मी नकला चांगल्या करायचो, आणि मावशीची नक्कल हा माझा हुकमी एक्का होता. एकदा कामानिमित्त नगरला गेलो असताना कँपातल्या टॉकीजवर एक इंग्रजी चित्र लागलेलं दिसलं. पोस्टरवर पोटुशी बाई आणि तिच्यामागे शिंगांची सावली. मला वाटलं, नकलेला नवा माल मिळाला. गावी येऊन मावशीला म्हटलं, "नगरला एक सिनेमा लागलाय. सबंध बाळंतपणावरच आहे."

"सबंध?"

"सबंध. पहिल्या महिन्यापासून."

"मंग चल की मला घिऊन," ती म्हणाली. रविवारी सकाळच्या खेळाला ती धुतलेलं लुगडं नेसून, जत्रेला निघाल्यासारखी एसटीत माझ्याशेजारी बसली. तिला मी आवडीनं नेलं असं नाही. मला गंमत बघायची होती.

टॉकीज लष्करातल्या जवानांनी आणि कॉलेजच्या पोरांनी भरलेलं. सिनेमा सुरू झाला आणि माझं बी. ए. दहा मिनिटांत उघडं पडलं. ती माणसं काय बोलत होती, मला ओ की ठो कळेना. पण मावशीसमोर कबूल कसं करणार? मी ठोकून देऊ लागलो. पडद्यावर ग्रहण लागलं, ती बाई अंगणात उभी, तिच्यावर काळी सावली पडली. मावशी म्हणाली, "गिराणात भाहेर पडली! भाजी बी चिरली आसंल." मग कुणी एक पाद्री आला, मोठमोठ्यानं बोलला. मी सांगितलं, "तो म्हणतो, हिच्या पोटात सैतानाचं पोर आहे." मावशीनं विचारलं, "त्याला काय ठावं? हात लावून बगितला का त्यानं?" सातव्या महिन्यात ती बाई उंच टाचांचे बूट घालून जिना चढली, तेव्हा मावशीनं डोळ्यांवर पदर घेतला. सैतान दिसला तेव्हा घेतला नव्हता.

शेवटाकडे ते मूल जन्मलं. पडद्यावर दिसत नव्हतं, नुसतं रडणं ऐकू येत होतं. त्याला टेबलावर ठेवून डॉक्टर मागे सरला, नर्स किंचाळली, पाद्री भिंतीला टेकला. सगळं टॉकीज श्वास रोखून बसलेलं. आणि माझ्या शेजारची सुईणमावशी उठून उभी राहिली.

"आरं, उचला की त्याला कुनीतरी! बगत काय बसलात मुडद्यांनो? गारठंल ना त्ये!"

टॉकीज हसून फुटायचं तेवढं राहिलं. शिट्ट्या झाल्या. पुढच्या रांगेतून माझे कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक वळले, त्यांनी मला ओळखलं आणि हसत विचारलं, "तुमच्याबरोबर आहेत का या बाई?"

मी म्हणालो, "नाही."

एवढं बोलून मी उठलो, अंधारात तिचा दंड धरला आणि तिला सिनेमा संपायच्या आत बाहेर ओढून आणलं. ती सारखी मागं वळून बघत होती. येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही. पुढच्या बाकावर बसली आणि राहुरी गेल्यावर एकदाच मागं वळून म्हणाली, "मास्तर, तुमी खिडकी लावून घ्या, धूळ यिती." जन्मल्यापासून मला अरेतुरे करणाऱ्या त्या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदाच 'तुमी' ऐकलं. तिनं माझं 'नाही' ऐकलं होतं.

लाज वाटलेला माणूस दोन गोष्टी करतो. एक तर माफी मागतो, नाही तर ज्याची लाज वाटली त्याची थट्टा करतो. मी दुसरी केली. चौकातल्या हॉटेलात मी ती गोष्ट नकलेसकट सांगितली आणि पराचा कावळा केला. माझ्या गोष्टीत मावशी गरम पाणी घेऊन पडद्याकडे धावली, सैतानाच्या पोराची नाळ कापली आणि त्याला मांडीवर घेऊन पाळणा म्हटला. लोक पोट धरून हसले. ती गोष्ट हॉटेलातून पाणवठ्यावर गेली, पाणवठ्यावरून वस्त्यांवर गेली, आणि जाता जाता तिच्यातलं हसू गळून पडलं. राहिलं एवढंच, की सुईणमावशीनं नगरला सैतानाचं पोर हातात घेतलं.

त्यात महिन्याभरात एका वस्तीवर तिनं सोडवलेल्या बाईचं मूल तोंडात दात घेऊन जन्मलं. असं मूल अपशकुनी, हे आमच्याकडे तान्ह्या पोराखेरीज सगळ्यांना माहीत असतं. मावशी म्हणाली, "दात हाय तर काय झालं? लौकर भाकर खाईल." पण तिचं कोण ऐकतो? तिच्या हाताला सैतानाचं लागलंय, असं बायका बोलू लागल्या. बोलावणी कमी झाली, मग थांबलीच. मी एका वाक्यात ते थांबवू शकत होतो. चौकात उभं राहून म्हणायचं, की अर्धी गोष्ट माझ्या पदरची होती. मी मूग गिळून बसलो. मास्तर खोटं बोलतो असं पोरांना कळलं असतं ना.

त्याच साली माझी बायको बाळंत व्हायची होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असून आमच्याच घरी. मला मावशीनं काढलेलं, माझ्या धाकट्या भावंडांना तिनंच काढलेलं. तरी आई म्हणाली, "दवाखान्यात न्या श्रीरामपूरला. तिचा हात नको." मी मान हलवली. मुलगा झाला, घरी आला, आणि पाचवीच्या दिवशी सकाळी आईला त्याच्या हिरडीवर पांढरा ठिपका दिसला. ती मला म्हणाली, "दात आहे रे." कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. बायको त्याला डोळे मिटून पाजू लागली. आई लांबून अंगारा लावू लागली.

दुपारी पाचवीच्या पूजेची मांडणी झाली. बाळाला रिवाजाप्रमाणे सुपात निजवलेलं. बायको न्हाणीत होती. इतक्यात अंगणात मावशीचा आवाज आला, "पाचवीला सुईन लागतीच. बोलावलं न्हाई तरी आले म्या." आई धावत जाऊन उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आत येऊ नको, बाई. तुझी सावली नको माझ्या नातवावर." दोघींची बोलाचाली सुरू झाली आणि त्या आवाजानं बाळ दचकून रडायला लागलं.

माजघरात मी एकटाच होतो. सुपापासून दोन हातांवर. आमच्यात वडीलधाऱ्यांदेखत बापानं स्वतःचं पोर घ्यायचं नसतं, त्याची लाज वाटते. पण मी त्यासाठी थांबलो नव्हतो. मला भीती वाटत होती. रडताना त्याचं तोंड उघडं होतं आणि तो पांढरा ठिपका दिसत होता. जी गोष्ट मी स्वतः चहा पिता पिता रचली होती, तिलाच मी घाबरलो होतो. त्या पडद्यावरच्या पाद्र्यासारखा मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. रडून रडून पोर निळं पडायला लागलं.

अंगणातली बोलाचाली एकदम थांबली. मावशीला मी दिसत होतो.

"आरं, उचल की त्याला," ती म्हणाली. ओरडली नाही. "बाप हायेस ना? आधी उचलायचं, मंग बगायचं."

मी उचललं. त्याला कसं धरायचं तेही मला माहीत नव्हतं. त्यानं माझ्या सदऱ्यात तोंड घातलं आणि रडं थांबवलं. मी उंबऱ्याकडे वळून कसाबसा म्हणालो, "मावशी, याच्या हिरडीवर पांढरं आहे काहीतरी."

"बोट फिरव. टोचतंय का?"

"नाही."

"मंग दात न्हाई त्यो. कन हाय दुधाचा. आठ दिसात जाईल." ती आत आली नाही. आईनं येऊ दिलं नाही, आणि मी 'आत ये' म्हणालो नाही. हातात पोर होतं, पण तेवढं म्हणायला तोंड तर मोकळं होतं. सोबत आणलेलं टोपडं तिनं उंबऱ्यावर ठेवलं आणि ती गेली.

आठव्या दिवशी ठिपका गेला. पुढं पाऊसही गेला तो गेलाच. दुष्काळी कामं निघाली आणि मावशी राहुरीच्या रस्त्यावर खडी फोडायला लागल्याचं कळलं. माफी मागायची असं ठरवून मी गेलो. ती उन्हात बसून हातोडी चालवत होती. शेजारच्या बायका पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या होत्या. आठवड्यापूर्वी त्यांच्यातली एक कामावरच अडली होती, आणि लुगड्याचा आडोसा करून मावशीनं तिला सोडवलं होतं. त्यांना नगरचा सिनेमा माहीत नव्हता. त्या तिला पाणी आणून देत होत्या.

"मावशी," मी म्हणालो.

"कन गेला न्हवं?"

"गेला."

"आन् त्या पिक्चरातल्या पोराचं काय झालं रं? मधनंच वढून आनलंस मला. शेवटी उचललं का कुनी त्याला?"

मला कुठं शेवट माहीत होता! पण दाईपुढं पोट लपत नाही म्हणतात. ती माझ्याकडेच बघत होती.

"उचललं, मावशी."

"कुनी?"

"बापानं."

तिची हातोडी क्षणभर थांबली. "लई येळ लावला मेल्यानं," ती म्हणाली आणि तिनं पुढचा दगड ओढून घेतला.

माफी तोंडातच राहिली. निघताना तिनं मागून हाक मारली, "पुडल्या खेपंला पोराला घिऊन ये." आणतो म्हणालो. पण शाळा होती, ऊन होतं, आई काय म्हणेल हे होतं. पाऊस पडून कामं बंद झाली तेव्हा ती त्या टोळीबरोबर निघून गेल्याचं कळलं. त्यांच्यात दरसाल कुणी ना कुणी अवघडलेली असतेच. बेलापुरात तिच्या हातांत न आलेल्या पहिल्या पोरांतला एक माझ्या घरात वाढला. आजही कुणाच्या घरी बारशाला गेलो, की ते बाळ रडायच्या आत मी त्याला उचलून घेतो. लोकांना वाटतं, मास्तरांना मुलांची फार हौस.