नालवाडीतली समुद्रपूजा

समुद्रापुढे माणूस अबोल होतो. पिपरी मेघेतल्या आमच्या शेजाऱ्याचा समुद्र चार फूट लांब आहे आणि त्याच्यापुढे तो तासभर बोलतो. घरातला एकुलता एक एसी जिवंत प्रवाळांच्या या काचेच्या टाकीच्या खोलीत आहे. उन्हाळ्यात बायकोमुलं प्रवाळांच्या आश्रयाने झोपतात. यंदा त्याने प्रवाळ वाढवून विकायचा धंदा काढला.

पहिलं गिऱ्हाईक नालवाडीचे एक शेठजी. महिनाभर खेपा घालून त्याने तिथल्या टाकीतलं खारं पाणी तयार केलं आणि वास्तूच्या दिवशी प्रवाळ बसवले. मी मदतीला होतो. शेठजींच्या आईने नारळ फोडला आणि समुद्रदेवाला म्हणून नारळाचं पाणी, हळद, कुंकू सगळं टाकीत वाहिलं. सर्वांनी हात जोडले. यानेही जोडले. मग बाह्या सारून तो एकेक प्रवाळ परत बादलीत काढू लागला.

"काऊन काढून राह्यला रे बाप्पा?" म्हातारीने विचारलं.

"मरतीन ना आजी ते."

"देवाच्या हळदीनं कोणी मरते का?"

"घेऊन गेला, तं पुन्हा या घरी येजो नको," शेठजी म्हणाले.

तो बादली उचलून निघाला. दुसरं गिऱ्हाईक त्याला अजून मिळालेलं नाही.

शेठजींच्या टाकीत आता गोडं पाणी आणि प्लॅस्टिकचे प्रवाळ आहेत. दर पौर्णिमेला पूजा होते. हळद या प्रवाळांना मानवली आहे.